सहा शंकरपाळी

पंडितरावांनी उभ्या आयुष्यात ‘माझं चुकलं’ असं कधी म्हटलं नव्हतं. लग्नात नाही, नोकरीत नाही, आणि लेकीच्या दहावीच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने चुकीची जन्मतारीख लिहिली तेव्हाही नाही. तेव्हा ते म्हणाले होते की फॉर्म छापणाऱ्याने रकाना फारच लहान ठेवला. रेल्वेच्या कोच डेपोत चौतीस वर्षं सुतारकाम करून ते निवृत्त झाले आणि येताना एक वाक्य घरी घेऊन आले : “काम ड्रॉइंगप्रमाणे आहे.” भाजीत मीठ जास्त पडलं तरी हेच, आणि स्कूटर दुसऱ्याच्या फाटकावर घातली तरी हेच.

निवृत्तीनंतरच्या तीन महिन्यांत त्यांनी घरातली सगळी कपाटं उतरवून पुन्हा लावली आणि स्वयंपाकघरातल्या फळ्यांची उंची दोनदा बदलली. शेवटी आनंदीबाईंनी लेकीपुढे हात जोडले. “गौतमी, तुझ्या शेडमध्ये घेऊन जा ह्यांना. नाहीतर मी नागपूरच्या गाडीत बसते.” गौतमीची जयपूरच्या सीतापुऱ्यात, कारखान्यांच्या वस्तीत, एक छोटी शेड होती. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची घरं ती आतून सजवून द्यायची. लोक त्यांना कॅरॅव्हॅन म्हणत, पंडितराव ‘डबा’ म्हणत. बापाच्या हाताची किंमत तिला ठाऊक होती, तसा हात अख्ख्या जयपुरात शोधून सापडला नसता. त्या हाताबरोबर तोंडही येतं, एवढं मात्र ती विसरली होती.

शुक्रवारी सकाळी तिने पॉलिश वाळलेलं पहिलं दार उचललं, आणि ओट्यावरच्या कपाटाला लावून पाहिलं. दाबून उघडायच्या बटणाचं भोक दाराच्या उजव्या कोपऱ्यात होतं. ते डाव्या कोपऱ्यात हवं होतं. तिने दुसरं दार उचललं. तेही उजवीकडे. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. निदान एखादं दार तरी चुकून बरोबर निघावं, पण पंडितरावांचं काम एकसारखं असायचं, चूकसुद्धा काटकोनात.

“बाबा, भोकं कुठे पाडलीत तुम्ही?”

पंडितराव रंध्याचं पातं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. “जिथं लिहिलं तिथं. काम ड्रॉइंगप्रमाणे आहे.”

गौतमीने ड्रॉइंग आणून त्यांच्यासमोर धरलं. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : बटण पुढच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात. डावं-उजवं लिहिलं की घोटाळा होतो, उभं राहणारा कुठे तोंड करून उभा आहे त्यावर सगळं फिरतं. म्हणून तिने मुद्दाम पुढचं-मागचं लिहिलं होतं. त्यात गोंधळ होणं शक्यच नव्हतं, असं तिला वाटलं होतं.

“पुढे म्हणजे कुठे, बाबा?”

“पुढे म्हणजे गेटकडे.”

“गेटकडे का?”

“डब्याले पुढचं-मागचं नसते, गौतमी.” आता त्यांनी पातं खाली ठेवलं. गौतमीच्या लक्षात आलं की व्याख्यान सुरू होणार. “इंजिन ज्या बाजूले लागलं ते पुढे. उद्या दुसऱ्या बाजूले लागलं, तर ते पुढे. हा डबा शेडमधून निघणार कुठून? गेटमधून. मंग गेट ते पुढे. चौतीस वर्षं मी डबेच पाहिले न.”

ज्या दिवशी भोकं पाडली, त्या दिवशी कॅरॅव्हॅन म्हणजे विटांच्या चार ढिगांवर उभा असलेला एक चौकोनी खोका होता. तो शेडमध्ये नाक आत करून ढकललेला होता, म्हणजे गेटकडे त्याची पाठ होती. आणि ज्या दांडीने तो गाडीला जोडायचा, ज्यावरून शाळकरी पोरालाही पुढचं कुठलं ते कळलं असतं, ती दांडी तेव्हा वेल्डिंगसाठी झोटवाड्याला गेली होती. ती परत आली बुधवारी आणि बसली शेडच्या आतल्या बाजूला.

“बुधवारी दांडी बसवली, ती तुम्ही पाहिलीत ना? मतलब, तुमच्यासमोरच बसवली.”

“पाहिली न.”

“मग तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?”

“वाटलं. मले वाटलं तू बदललं असशील. तू रोजच काही ना काही बदलून राहिली.”

गौतमी शेडच्या बाहेर गेली. समोरच्या रस्त्यावर बसमधून कामगार उतरत होते, स्कूटरी वळत होत्या, आणि प्रत्येक जण आपापल्या कारखान्याच्या फाटकातून मुकाट आत जात होता. तिला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. त्यांच्यापैकी कुणालाही आत गेल्यावर स्वतःच्या बापाला कामावरून ओरडायचं नव्हतं.

रविवार परवावर आला होता. रविवारी सकाळी हे घर कानोत्याच्या बंधाऱ्यावर उभं करून त्यात चहा प्यायचा, हे दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं, आणि तो चहा कोण करणार हेही. घर होतं श्रीपादकाकांचं, विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, इथल्या मराठी मंडळातले गृहस्थ. पण ठरवलं होतं त्यांच्या बायकोने, अलकाकाकूंनी. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाचाही सावरली, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. मापं घ्यायला गौतमी त्यांच्या घरी गेली, तेव्हा श्रीपादकाका चष्मा आणायला आत गेल्याचं पाहून काकू पटकन म्हणाल्या होत्या, “हे बघ, बाकी सगळं तुझ्या मनाप्रमाणे कर. ओटा मात्र मला एका हाताने वापरता आला पाहिजे. दीड वर्षात मी स्वतः केलेला चहा प्यायले नाहीये. घरात हे मला कपालासुद्धा हात लावू देत नाहीत. भाजेल म्हणतात.” आणि मग काका येताना पाहून त्यांनी उजवा हात पदराखाली सारला आणि हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागल्या.

म्हणून तो ओटा बसून वापरण्याइतका ठेंगणा होता. म्हणून त्याच्यावरची कपाटं खाली आणलेली होती. म्हणून बटणं डावीकडे. स्टुलावर बसलेल्या बाईचा डावा हात सहज जिथे जातो, तिथे. बटण उजवीकडे गेलं की डावा हात स्वतःच्याच नाकासमोरून पलीकडे न्यायचा, आणि दार उघडलं की ते त्याच हातावर येऊन आपटणार. एकूण काय, चहा श्रीपादकाकाच करणार.

दारं उलटी करून लावायची म्हटली तर बटण वरच्या कोपऱ्यात जात होतं, बसल्या जागेवरून तिथे हात पोचत नव्हता. नवीन दारं कापायची म्हटली, तर ज्या दुकानातून प्लायवुडचा तक्ता आणला होता त्याचा मालक फोनवर म्हणाला, “मैडम, वो लॉट तो निकल गया. मिलता-जुलता दे दूँ?” मिळतं-जुळतं तिला नको होतं. सहाही दारं सागाचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेल्या एकाच तक्त्यातून कापलेली होती, आणि लाकडाच्या रेघा पहिल्या दारापासून सहाव्या दारापर्यंत सलग वाहत गेल्या होत्या. दुकानात वीस तक्ते काढायला लावून, एकेकावरून डावा हात फिरवून काकूंनी तो तक्ता निवडला होता. शिवाय नव्या पॉलिशला चार दिवस, आणि हातात दोन.

ती आत आली, तर पंडितराव भोकांवर भिंग धरून बसले होते.

“बुजवून टाकू,” ते म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाची भोकं होती. “डाव्या बाजूले नवी पाडू. जुन्यावर ठिगळ लावतो. कोणाच्या बापाले दिसणार नाही.”

“तुमच्या डेपोत हेच चालायचं वाटतं.”

“चौतीस वर्षांत एकाही इन्स्पेक्टरले माझं ठिगळ सापडलं नाही.”

“म्हणजे चौतीस वर्षं चुका होत होत्या.”

पंडितरावांनी भिंग पुसलं. “लाकूड खराब येत होतं,” ते म्हणाले.

गौतमीला हसू आलं असतं, पण ती फार वैतागली होती. तिने विचारलं, भोक पाडताना निघालेल्या गोल चकत्या आहेत ना, त्याच परत बसवता येणार नाहीत का? तिच्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू तिने भाकरीचं परत पीठ करायला सांगितलं. चकतीच्या मधोमध ड्रिलचं भोक असतं, आणि गोल करवत जेवढं लाकूड खाते तेवढी फट चहूबाजूंनी राहते. गोल ठिगळ डोळ्यात खुपतंच. रेघांना आडवी जाणारी कुठलीही रेषा लपत नाही. म्हणून ठिगळ असं हवं, की त्याची दोन लांब टोकं रेघांच्या दिशेने जाऊन त्यांच्यात मिसळतील. त्यांनी कागदावर आकृती काढली.

“शंकरपाळं,” गौतमी म्हणाली.

“तसंच समज. पण बारीक. लांबट.”

मग इस्त्री आली. ठिगळाला कागदासारखं पातळ व्हिनियर हवं होतं, आणि ते सुटं मिळणार नव्हतं. त्याच तक्त्याच्या उरलेल्या तुकड्यांवर ओलं फडकं घालून, वरून गरम इस्त्री फिरवून, आतला गोंद सैल झाला की पातळ सुरीने ते सोलून काढायचं. पंडितराव दुपारी घरी जाऊन आनंदीबाईंची इस्त्री घेऊन आले. पंधरा मिनिटांनी आनंदीबाईंचा फोन आला. त्यांची पातळं बादलीत भिजत पडली होती, आणि लेकीनेच बापाला इस्त्री आणायला धाडलं असणार याबद्दल त्यांना कसलीही शंका नव्हती. गौतमीने फोन कानापासून लांब धरला.

पहिले दोन पापुद्रे सोलताना फाटले. पंडितराव म्हणाले की इस्त्री खराब आहे. तिसरा निघाला.

संध्याकाळपर्यंत तीन दारं झाली. आधी भोकात लाकडाची गोल गुटी ठोकायची, ती रंध्याने सपाट करायची. मग शंकरपाळ्याच्या आकाराचा पापुद्रा त्यावर ठेवून त्याच्या कडेने पातं फिरवायचं आणि तेवढंच जुनं व्हिनियर उचलून काढायचं. हे सगळं पंडितराव करत. नाक दारापासून वीतभर अंतरावर, श्वास रोखलेला. ते काम करताना तिने कधीही पाहावं आणि ओरडायचं विसरावं, असा तो हात होता. याचाच तिला जास्त राग यायचा. माणूस धड वाईट तरी असावा.

तिच्या वाट्याला रंग. ठिगळ बसलं की ती सर्वांत बारीक ब्रशने त्याच्यावरून रेघा ओढायची. जुनी रेघ जिथे तुटली तिथून उचलायची, ठिगळावरून न्यायची आणि पलीकडच्या रेघेला नेऊन जोडायची. हे तिचं काम पंडितरावांना जमणारं नव्हतं. ते मागे उभे राहून पाहत आणि सूचना करत.

“थोडी तपकिरी कमी कर.”

“बाबा, उंटावरून शेळ्या हाकू नका.”

“मी फक्त सांगून राहिलो.”

शनिवारी सकाळी चौथं दार करताना ते तोंड उघडून मनातलं बोलले. “एवढा कुटाणा काहून, गौतमी? बटणं होती तिथंच राहू द्यायची. लोकं उजव्या हातानेच दार उघडते. जगात समदी कपाटं तशीच उघडते. तू उगाच डाव्या बाजूचा हट्ट धरून राहिली.”

गौतमीच्या हातातला ब्रश थांबला.

“त्यांचा उजवा हात चालत नाही, बाबा. अलकाकाकूंचा. अर्धांग झालंय त्यांना. त्या स्टुलावर बसून डाव्या हाताने चहा करणार आहेत, दीड वर्षाने पहिल्यांदा. उद्या. म्हणून डावीकडे.”

पंडितरावांनी पातं खाली ठेवलं.

“मले काहून नाही सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही विचारलं नाही.”

“तू कागद देते. मी कापतो. मी काय विचारणार?”

“आणि सांगितलं असतं तर तुम्ही तासभर सल्ले दिले असते. म्हणून नाही सांगितलं. सांगितलं तेवढं करा, बस.” बोलता बोलता तिला कळलं की हे वाक्य तिचं नाही. हे वाक्य तिने लहानपणी हजार वेळा ऐकलं होतं, याच आवाजात, याच कपाळावरच्या आठीसकट. कंपास पेटीला कडी लावायला बसलेल्या बापाने ‘का’ विचारणाऱ्या पोरीला ऐकवलेलं. तिला स्वतःचाच वैताग आला, आणि तो तिने ब्रश पाण्यात जोराने खळबळून बाहेर काढला.

पंडितराव उठले. कॅरॅव्हॅनमध्ये चढले, ओट्यासमोर ठेवलेल्या स्टुलावर बसले आणि उजवा हात पॅंटच्या पट्ट्यात खुपसला. मग डाव्या हाताने जिथे नवी बटणं येणार होती तिथे खुणा चाचपू लागले. पहिल्या दाराला हात गेला. तिसऱ्याला गेला. सहाव्यापर्यंत पोचताना ते तिरके झाले आणि स्टुलावरून घसरता घसरता वाचले, कारण सावरायला उजवा हात नव्हता.

“गौतमी, इकडे ये.”

“आता काय?”

“शेवटच्या दोन दारांचं बटण आणखी दोन इंच खाली पाहिजे. अन् ओट्याच्या कडेले धरायले एक दांडा पाहिजे, डाव्या हातापाशी नाही, पोटापाशी. बाईले टेकता आलं पाहिजे. नाही तं पडन.”

“बाबा, उद्या द्यायचंय.”

“बस इथं. हात खुपस.”

ती चिडून बसली, हात ओढणीत खुपसला आणि सहाव्या दाराकडे वाकली. स्टूल एका पायावर उचललं गेलं. पंडितरावांनी तिचा खांदा धरला. दोन महिने तिने या ओट्याची चित्रं काढली होती, पण त्यापुढे एका हाताने बसून पाहिलं नव्हतं. ते म्हणत होते ते बरोबर होतं, आणि ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं होतं ते पाहून तिला वाटलं की दांडा आधी यांच्याच डोक्यात घालावा.

दांडा बसला. नवी भोकं पडली, या वेळी पंडितरावांनी प्रत्येक भोकाआधी तिला विचारलं. तीनदा विचारलं. “इथंच न? नक्की? पुढे म्हणजे कोणतं पुढे?” सहाव्या भोकापाशी ती उत्तरच देईना. सहाव्या दाराला पुरेल असा तुकडाच राहिला नव्हता, म्हणून छताच्या पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या फळीचा कोपरा सोलून शेवटचं शंकरपाळं निघालं. दिवस मावळायच्या आत सहाही दारं बसली. गौतमी चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. कुठे काय झालं होतं ते तिला माहीत होतं, तरी तिलाही दोन जागा शोधाव्या लागल्या.

“सापडलं?” पंडितरावांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “आणि उद्या तोंड बंद ठेवायचं. प्लीज. काम चांगलं झालंय, ते त्यांना बघू दे.”

“मी कशाले बोलतो?” पंडितराव म्हणाले. यावर विश्वास ठेवण्याइतकी ती मूर्ख नव्हती, पण थकलेली होती.

रविवारी सकाळी कॅरॅव्हॅन कानोत्याला बंधाऱ्याच्या काठावर उभी होती, दांडी पुढे, पाठ पाण्याकडे. श्रीपादकाकांनी आधी सगळे दिवे लावून पाहिले, नळ सोडून पाहिला, अग्निशमनाची बाटली कुठे आहे ते विचारलं आणि तिच्यावरची तारीख वाचली. मग अलकाकाकूंना दंडाला धरून वर चढवलं. काकूंनी त्यातल्या त्यात चांगली साडी नेसली होती, आणि उजवा हात पदराखाली नीट गुंडाळून ठेवला होता, पाहुण्याला दिसू नये अशा वस्तूसारखा.

त्या स्टुलावर बसल्या. दांड्याला पोट टेकलं. डावा हात वर गेला आणि पहिल्या बटणावर पडला. दार उघडलं. त्यांनी ते बंद केलं आणि पुन्हा उघडलं. मग दुसरं. मग ओणवं होऊन सहावं. श्रीपादकाका प्रत्येक वेळी अर्धे उठत होते आणि परत बसत होते.

“किती सुरेख झालंय गं,” काकू म्हणाल्या. त्यांनी दारावरून हात फिरवला, अगदी तिसऱ्या शंकरपाळ्यावरून, आणि त्यांना काहीच लागलं नाही. गौतमीने सुटकेचा श्वास सोडला. “कुठे म्हणून नाव ठेवायला जागा नाही. नाहीतर माझं बघा. एका हातापायी तुम्हाला सगळं घर उलटं बांधायला लावलं. इतक्या चांगल्या वस्तूत आपली मीच एक खोट.”

त्या हसत हसत बोलल्या होत्या. श्रीपादकाका “काहीतरीच काय” असं पुटपुटले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

“ताई, जरा इकडं पाहा,” पंडितराव म्हणाले.

गौतमीने त्यांच्या पायावर पाय दिला. पंडितरावांनी पाय काढून घेतला आणि ते पुढे झाले.

“इथं बोट लावा. नखाने पाहा. एक शंकरपाळ्यासारखी रेघ लागन. लागली? ठिगळ आहे ते. अशी सहा आहेत, दर दाराले एक. बटणाची भोकं मी उलट्या बाजूले पाडली होती.” त्यांनी स्वतःचं बोट ठिगळावर टेकवलं. “माझं चुकलं ते. बुजवलं आहे. पण आहे.”

बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षं गौतमी या दोन शब्दांची वाट पाहत होती. आईसाठी, स्वतःसाठी, त्या दहावीच्या फॉर्मसाठी. आणि ते आले कधी, तर दोन दिवस मान मोडून लपवलेलं काम गिऱ्हाइकाच्या हातात सोपवायच्या क्षणी, गिऱ्हाइकाच्याच तोंडावर. तिची कानशिलं तापली. ती घाईने बोलायला लागली, “मतलब, काकू, झालं काय, की तेव्हा दांडी झोटवाड्याला होती, आणि डब्याला, आय मीन, पुढचं-मागचं...” आणि तिथेच तिची जीभ अडकली. हे सगळं खरं होतं. आणि हे अगदी फॉर्मवरच्या त्या लहान रकान्यासारखं वाटत होतं.

“मी बाबांना सांगितलंच नव्हतं,” ती म्हणाली. “दारं कुणासाठी आहेत, डावीकडे का. नुसता कागद दिला. माझं पण चुकलं.” ते शब्द बाहेर काढताना इतका त्रास होईल असं तिला वाटलं नव्हतं.

“ते तं आहेच,” पंडितराव म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर ती ओरडली असती.

श्रीपादकाकांनी एव्हाना चष्मा लावला होता. सहा म्हणजे सहा मोजल्याशिवाय ते राहणार नव्हते. एक सापडलं, ते पंडितरावांनीच दाखवलेलं. दुसरं त्यांनी अंदाजाने शोधलं. तिसऱ्यापाशी ते हरले आणि पंडितरावांकडे संशयाने पाहू लागले, जणू उरलेली चार त्यांनी घरी ठेवून घेतली होती. काकू नखाने एकेक जागा चाचपत होत्या. दोन सापडली. मग त्यांनी काय केलं, तर पदर बाजूला सारला, डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि त्याची वळलेली बोटं दारावर टेकवली.

“ह्याला तर एकही लागत नाही,” त्या म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. काकांना हसावं की काय करावं ते कळेना. गौतमीला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

तो हात काकूंनी पुन्हा पदराखाली नेला नाही. ओट्यावर, सगळ्यांसमोर ठेवून दिला. “सरका आता,” त्या म्हणाल्या. “बाहेर खुर्च्या मांडा. चहा मी करते.”

खुर्च्या दाराशीच मांडल्या गेल्या, म्हणजे आतलं दिसत राहील अशा. श्रीपादकाकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. काका उठले. “बसा,” आतून आवाज आला. काका बसले. लायटर चार वेळा खटखटला आणि पाचव्या वेळी गॅस पेटला. नेहमी पाच मिनिटांत होणाऱ्या चहाला त्या दिवशी अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात पंडितरावांना चार वेळा काहीतरी सुचवायचं होतं, ते गौतमीला त्यांच्या गुडघ्याच्या हालचालीवरून कळत होतं.

कप एकेक करून आले. एका हाताने एका वेळी एकच कप येतो, आणि दारापर्यंत येईतो बशीत थोडा सांडतो. सगळ्यांनी पहिला घोट घेतला. चहात साखरच नव्हती. श्रीपादकाकांनी डोळे मिटून “वा” म्हटलं. गौतमीनेही मान डोलावली आणि बापाकडे अशा नजरेने पाहिलं की दगडाचंही तोंड शिवलं गेलं असतं.

“ताई,” पंडितराव म्हणाले, “साखर राहिली.”

श्रीपादकाकांचा चेहरा पडला. गौतमीने कप खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. या माणसाला कुठे न्यायची सोय नाही, कुणाचं मन राखणं ह्यांच्या बापजन्मात लिहिलेलं नाही, तिच्या मनात सगळं एकदम आलं. दारात उभ्या असलेल्या काकूंनी स्वतःच्या कपातला घोट घेऊन पाहिला. गेल्या दीड वर्षात त्यांच्या चुकीला कुणी चूक म्हटलं नव्हतं.

“राहिलीच की,” त्या म्हणाल्या. आवाजात थोडा वैताग होता, कुठल्याही बाईच्या आवाजात असतो तेवढा. “थांबा, आणते. कुणी उठू नका.”

त्या वळल्या आणि हळूहळू ओट्याकडे गेल्या. कुणी उठलं नाही. आत बटण दाबल्याचा टक आवाज झाला, आणि दार उघडलं.